लाल कागदी फूल

नातीनं शाळेसाठी लाल कागदाचं फूल चिकटवलं आणि खळीचा आंबूस वास घरभर पसरला. मला सिकंदराबादचं चर्च आठवलं.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षीची दिवाळीची सुट्टी होती. मी नऊ वर्षांची. रझाकारांच्या धामधुमीत बाबा आमच्या गावाहून, तामसीहून, निर्मलच्या बाजाराला गेले, ते परतलेच नव्हते. आई मात्र रोज ठसठशीत कुंकू लावायची. मामा सिकंदराबादला एका इंग्रज बाईकडे स्वयंपाकी होता. चार दिवस हवापालट म्हणून त्यानं आम्हाला नेलं होतं.

त्या सकाळी चर्चबाहेर सगळे गोरे लढाईत मेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर लाल कागदी फूल लावून गप्प उभे होते. बाईचं फूल मामानंच खळ शिजवून केलं होतं. आत भिंतीवरच्या दगडात नावं कोरलेली होती. त्यातल्या एका नावावरून बाई बोट फिरवत राहिली.

"तिचा पोरगा हाय. लढाईत गेला," मामा हळूच म्हणाला. "देह नाई सापडला."

"मंग मेला कसं म्हन्ते थे बाई?" आईनं विचारलं.

"थे तरी किती वाट पाहीन, आक्का?" मामा म्हणाला.

दुपारी मामाच्या खोलीमागच्या नळावर आईनं कुंकू धुऊन टाकलं.

बाबांना आईनंच मारलं, असं मला वाटलं. परतीच्या गाडीत मी तिच्याजवळ बसले नाही. कुंकू धुण्याआधी ती कितीतरी वेळ नुसता नळ सोडून उभी होती, ते मी पाहिलं होतं. तरीही बसले नाही.