दिलेलं बी परत

माझ्या सासूबाई तीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होत्या. कागदाची पुडी अशी बांधायच्या की खिशात उलटीपालटी झाली तरी चिमूटभर पावडर सांडायची नाही. त्यावरून गल्लीत त्यांना पुडीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

निवृत्त झाल्या त्या वर्षी दवाखान्यातल्या नर्सने त्यांना गारवेलीचं मूठभर बी दिलं. वेल कुंपणावर चढली आणि रोज सकाळी निळ्या फुलांनी कुंपण दिसेनासं व्हायला लागलं. येणारा-जाणारा थांबायचा. सासूबाईंचा हात मुळातच सढळ. पुढच्या मोसमाला त्यांनी बियांच्या पुड्या बांधल्या, मागेल त्याला दिल्या आणि न मागणाऱ्यालाही दिल्या.

ही वेल एकदाच पेरावी लागते, पुढचं ती आपलं आपण बघते. बोंडं वाळून फुटतात, बी खाली सांडतं, आणि मग कुंडीत, नळाजवळ, फरशीच्या फटीत, जागा मिळेल तिथे रोप. चार वर्षांत सगळी गल्ली निळी झाली. लोक खूश होते. शिंपीकाकांची लिंबोणी जाईपर्यंत.

शिंपीकाका आमच्या समोर राहतात. मुलीच्या बाळंतपणासाठी काका-काकू चार महिने तिच्याकडे होते. परत आले तर गादीला खोळ घालावी तशी लिंबोणी वेलीने झाकलेली. काकांनी वेल कापून काढली तेव्हा आत नुसत्या काटक्या होत्या. ते भांडायला आले नाहीत. सासूबाई स्वतःच गेल्या, तर म्हणाले, "तुम्ही काय मुद्दाम केलंत? जाऊ द्या."

"भांडले असते तर बरं झालं असतं," घरी येऊन सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच त्यांनी आमच्या कुंपणावरची वेल उतरवली. मग मला समोर बसवलं आणि कोणाकोणाला पुड्या दिल्या ते आठवून लिहून घ्यायला लावलं. सव्वीस घरं निघाली.

"अहो आई, लोकांच्या बागा आहेत. त्यांचं ते बघतील," मी म्हटलं.

"औषध मी दिलं. अंगावर उठलं तर मीच जायला नको?"

"आणि तुमचे गुडघे?"

"ते घरी बसूनही दुखतातच."

झालं. बसायला एक पाट, हातात खुरपं, की निघाल्या. त्यांना उकिडवं बसता येत नाही, म्हणून पाट टाकायचा, हाताला येतील तेवढी रोपं उपटायची, पाट पुढे सरकवायचा. गारवेलीच्या रोपाची पहिली दोन पानं टोकाला चिरलेली असतात, त्यावरून ते ओळखायचं. वेटोळं घालायच्या आत मुळासकट काढायचं. आणि एकदा काढून भागत नाही, कारण जुनं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि पाणी लागलं की उठतं.

लोकांनी काय काय ऐकवलं! एक जण म्हणाली, "देताना विचारलं नव्हतंत, आता उपटताना कशाला विचारता?" एकाने दारच उघडलं नाही. त्याच्याकडे त्या पाच वेळा गेल्या, सहाव्यांदा त्याने कंटाळून फाटक उघडं ठेवलं. मीही घुश्श्यातच होते, कारण सकाळचं सगळं काम माझ्यावर पडलं होतं. एकदा त्यांना ताप आला. दोन दिवसांत रोपं चढतील म्हणून त्या अंथरुणात तळमळत होत्या, तेव्हा मीच पाट उचलला. हौसेने एका वाफ्यातली सगळी रोपं उपटून आले. तो शेजारणीचा घेवडा निघाला. सासूबाईंनी मला माफी मागायला पाठवलं आणि बरं वाटल्यावर स्वतः जाऊन घेवडा परत पेरून आल्या.

शेवटचं घर ड्रायव्हरांचं. बस चालवायचे, मग अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. त्यांचा पलंग खिडकीशी आणि खिडकीवर गारवेल. त्यांची बायको दारातच म्हणाली, "हिला हात लावायचा नाही. दिवसभरात त्यांना तेवढंच दिसतं."

सासूबाई पाट उचलून परत आल्या. आठवडाभर त्या घराकडे फिरकल्या नाहीत. एवढ्या वेलीचं बी गल्लीभर पसरलं तर केलेलं सगळं पाण्यात, हे मलाही कळत होतं. मग एका सकाळी खुरप्याऐवजी कात्री घेऊन निघाल्या. मी सोबत गेले.

"वेल राहू दे," त्या ड्रायव्हरांच्या बायकोला म्हणाल्या. "मी फक्त बोंडं काढून नेईन, हिरवी आहेत तोवर."

"रोज येणार?"

"फुलं आहेत तोवर रोज."

बायकोचा विश्वास बसला नाही. पण सासूबाई गेल्या, रोज गेल्या. पहिले काही दिवस ड्रायव्हर नुसतं बघत. मग एकदा त्यांनी डाव्या हाताने काचेवर टकटक केलं आणि बोट दाखवलं. पानाआड एक बोंड राहून गेलं होतं. तेव्हापासून ते रोज राहिलेली बोंडं दाखवू लागले. "आधी गाडी चालवायचे, आता तपासनीस झालेत," त्यांची बायको म्हणाली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

याला आता सहा वर्षं होत आली. मागच्या वर्षी पंचवीस घरांत मिळून चौदा रोपं निघाली, यंदा आतापर्यंत तीनच. शिंपीकाकांनी नवी लिंबोणी लावली आहे आणि तिच्या बुंध्याशी काहीही उगवलं की ते सासूबाईंना हाक मारतात. बहुतेक वेळा साधं गवतच असतं. सासूबाईंना चौऱ्याहत्तरावं लागलं आहे. गुडघा फारच धरला की त्या दिवशी बोंडं ड्रायव्हरांची बायको काढते आणि डब्यात घालून आमच्याकडे पाठवते. सासूबाई डबा उघडतात, एकेक बोंड दाबून बघतात, आणि एखादं जरी पिवळट दिसलं, तरी काठी शोधायला लागतात.