लाल म्हणजे या, हिरवा म्हणजे चहा

हंबीरदादा सैन्यात सिग्नल विभागात हवालदार होते आणि मी इस्लामपुरात मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. तारेतलं आपल्याला सगळं कळतं असा आम्हा दोघांचा समज होता. तीनशे बारक्या दिव्यांनी तो आठवडाभरात उतरवला.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर दादा मागच्या अंगणातल्या न्हाणीत घसरून पडले. बनुवहिनी दहा पावलांवर चकल्या तळत होत्या, पण त्यांना आताशा अजिबात ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आणलं होतं, ते 'आत किडा वळवळतोय' म्हणून त्यांनी डब्यात टाकलं. दादा पाऊण तास ओल्या फरशीवर हाका मारत राहिले. शेवटी वहिनी धुणं वाळत घालायला बाहेर आल्या तेव्हा दिसले. हाड मोडलं नाही, पण त्या पाऊण तासाचा दादांनी धसका घेतला.

"सीमेवर काय झालं न्हाई, आन न्हाणीत मरायचो गड्या. आन ही तिकडं चकल्या मोजत बसायची," असं ते हसत म्हणाले.

त्यांची मुलगी अंकिता पुण्यात नोकरीला असते. तिने पार्सल धाडलं. पाच मीटर दिव्यांची पट्टी, आगपेटीएवढा एक बोर्ड, आणि दादांच्या फोनमध्ये ॲप. फोनवर बोट ठेवलं की स्वयंपाकघर हव्या त्या रंगात उजळणार आणि वहिनींना दिसणार. "निजामकाका जोडून देतील," असं तिने परस्पर सांगूनही टाकलं. मला विचारायची पद्धत त्या घरात नाहीच.

मी पट्टी ओट्याच्या वर भिंतीला चिकटवली, तारा जोडल्या, बटण दाबलं. मख्ख! पुन्हा सोडल्या, पुन्हा जोडल्या. वीस वर्षं लग्नाच्या मांडवांना माळा लावतोय. माळेचं कुठलंही टोक पकडा, ती पेटते. ही बया पेटेना. मी सगळा राग पक्कडीवर काढत होतो. दादांनी चष्मा लावून पट्टी वाचली.

"निजाम, हितं बाण छापलाय रं. बाण हाय म्हंजी हुकूम हाय. तू उलट्या बाजूनं घुसलायस."

खरंच की! टोक बदललं, तर दिवे लागले. पण फक्त तीस. उरलेले दोनशे सत्तर ढिम्म. अंकिता फोनवर म्हणाली, किती दिवे आहेत ते ॲपला सांगावं लागतं. म्हणजे दिवा आहे की नाही हे दिव्यालाच आपण सांगायचं! मला हे आजही पटलेलं नाही. पण आकडा घातला आणि अख्खी भिंत उजळली.

दादांच्या अंगात हवालदार शिरला. त्यांनी पुठ्ठ्यावर स्थायी आदेश लिहून भिंतीला लावला. लाल: ताबडतोब या. हिरवा: चहा ठेवा. आणि लगेच दुपारी तालीम काढली. फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून गळ्यात घातला, न्हाणीत पोतं पसरलं आणि त्यावर आडवे झाले. मी स्वयंपाकघरात पहारा देत बसलो.

दिवे लागले. हिरवेगार. मिनिटभराने वहिनी अंगणातून आत आल्या, दिव्यांकडे बघितलं आणि शांतपणे आधण ठेवलं. वर आलंही किसलं.

दादा वीस मिनिटांनी कंबर धरून आले. "लाल दाबलंवतं मी! लाल!"

वहिनींनी त्यांच्यापुढे कप सरकवला.

आम्ही दहा वेळा करून पाहिलं. लाल दाबलं की हिरवा, हिरवं दाबलं की लाल, आणि निळा मात्र निळाच. दोनच रंग उलटे आणि तिसरा सरळ, हे कुठल्या जातीचं बिघडणं? तारा तपासल्या, बोर्ड हुंगला, जळका वास नाही. माझं डोकं आउट झालं आणि मी घरी गेलो.

अंकिताने दुसऱ्या दिवशी सांगितलं, की काही पट्ट्यांत रंगांचा क्रम वेगळा असतो, ॲपमध्ये एक खूण बदलायची. दादा पेन्शनच्या कागदांसाठी साताऱ्याला गेले होते. मी माझ्या फोनवर ॲप घेतलं, त्यांच्या घरी जाऊन खूण बदलली, लाल लाल झाला, आणि उद्या सांगू म्हणून दुकानात आलो. सांगायचं राहिलं.

रविवारी सकाळी पट्टीचं एक टोक सुटल्याचा निरोप आला. मी स्टुलावर चढून ते चिकटवत होतो आणि नजर पुठ्ठ्यावर गेली. पुठ्ठा नवा होता. लाल: चहा ठेवा. हिरवा: ताबडतोब या.

दादांनी साताऱ्याहून येऊन दिव्यांची खोड मान्य केली होती आणि आदेशच फिरवला होता. मी दिवे फिरवले होते. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. म्हणजे आम्ही होतो तिथेच: दादांनी लाल दाबलं की चहा. मी कपाळावर हात मारला, तेवढ्यात भिंत लालभडक झाली.

आणि मी, दोन्ही कान शाबूत असलेला माणूस, स्टुलावर उभा राहून पुठ्ठा वाचत बसलो. लाल म्हणजे चहा. पण दादांनी कुठलं दाबलं? जुना आदेश की नवा? त्यांना चहा हवाय की... मग एकदम लक्षात आलं, की स्वयंपाकघरात चहा ठेवायला वहिनीच नाहीत. मी उडी मारून मागे धावलो.

हातपाय धुवायला गेलेले दादा न्हाणीच्या उंबऱ्यात बसले होते, चेहरा पांढराफटक. चक्कर आली होती. वहिनींनी त्यांना मागून घट्ट धरलं होतं आणि पदराने तोंड पुसत होत्या.

"लाल दिसला व्हय तुला?" दादा मान वळवून विचारत होते. वहिनींना काय ऐकू येणार! मी हातवारे करून विचारलं.

"कसला दिवा, निजामभाऊ? ह्ये न्हाणीत गेलं की मी दाराशी हुबीच असती. दिवाळीपास्नं रोज. त्या तालमीच्या दिशी बी हुबी व्हती. फटीतनं बगितलं तर पोत्यावर पडून घड्याळ बगत व्हते. म्हटलं, खेळत्यात. म्हून चा ठेवला."

सैन्याची सवय म्हणून दादा पहाटे पाचला आंघोळ करतात. मागच्या अंगणात तेव्हा अंधार असतो आणि थंडी मरणाची. मी हे मनात म्हणतोय तोवर त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी डॉक्टरला फोन लावत होतो. दादांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"ती पट्टी सैपाकघरातनं काढ. हितं लाव, न्हाणीच्या दाराभाईर. मी आत शिरलो की लावीन."

"कुठला रंग ठेवू, दादा?"

"कुठला बी ठेव रं. ती अंधारात हुबी ऱ्हाती."