चाळीस मुलं आणि सहा निर्वासित

शाळेतले किस्से डस्टरमधल्या खडूसारखे असतात, कितीही झटका, थोडे उरतातच! कल्याणच्या आमच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवायचो. सिंधहून आलेल्या लोकांच्या छावण्या गावाबाहेर पडल्या, तेव्हाचे हे किस्से. बहुतेक सगळे कर्णिक मास्तरांचे.

✱

अक्षर बरं म्हणून फळ्यावर रोजची बातमी मी लिहायचो. एकदा पेपरातलं जसंच्या तसं उतरवलं : 'निर्वासिताने सायकल चोरली.'

कर्णिक मागे येऊन उभे. "परवा डोंबिवलीत सायकल गेली, तो चोर कोण होता हो?"

"चोर होता! आणखी कोण?"

"मग आजच्याला निराळं नाव का?"

मी गुपचूप फळा पुसला. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

✱

मग कर्णिकांनी आठवीच्या वर्गात शनिवारी 'अदलाबदल' सुरू केली. बातमीतली माणसं बदलायची आणि मोठ्यानं वाचायचं. 'मिठागरावरच्या आगऱ्यांचा कचेरीसमोर दंगा' याचं पोरांनी केलं, 'वकिलांचा कचेरीसमोर दंगा'. वर्ग खो खो हसला.

मागच्या बाकावरचा आगऱ्यांचा पोरगा मात्र हसला नाही. म्हणाला, "आमी केला त दंगा, न वकिलांनी केला त निषेध!"

✱

हेडमास्तर घाबरले. कर्णिकांची नोकरी टेंपररी, घरी अंथरुणाला खिळलेली आई. "अहो कर्णिक, पोरांना पेपर वाचायला शिकवा, पेपरशी भांडायला नको!"

"सर, पहिलं जमलं की दुसरं आपोआप येतं."

त्याच आठवड्यात कमिटीसमोर हेडमास्तरांनी पटसंख्या सांगितली, "आठवीत चाळीस मुलं आहेत, आणि सहा निर्वासित."

कर्णिक शांतपणे म्हणाले, "म्हणजे शेहेचाळीस मुलं ना, सर?"

कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब तेव्हापासून त्यांच्यावर डूख धरून होते.

✱

पुढच्याच महिन्यात दादासाहेबांचं स्टेशनबाहेर छावणीतल्या एका पापडवाल्याशी वाजलं. पेपरात आलं, 'प्रतिष्ठित नागरिक दादासाहेब यांच्याशी निर्वासिताची अरेरावी'. शनिवारी तो पेपर घेऊन ते थेट आठवीच्या वर्गात शिरले. मी दारातच होतो. कर्णिकांना कामावरून कमी केल्याचं पत्र त्यांनी टेबलावर आपटलं, सहीसकट!

"जाण्यापूर्वी एक अदलाबदल होऊन जाऊ द्या, मास्तर. ही घ्या माझी बातमी. कोण वाचतंय?"

कर्णिकांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

लाजवंती नावाची छावणीतली मुलगी आपणहून उठली. पेपर हातात घेतला. एकदा मनात वाचला, पुन्हा वाचला.

"वाच की!" दादासाहेब गरजले.

"सर, याची अदलाबदल होत नाही."

"का नाही?"

"यात तुमचं नाव आहे. माझ्या बाबांचं नावच नाही. मग तुमच्या जागी काय वाचू?"

दादासाहेबांनी तिच्या हातातला पेपर घेऊन ती बातमी स्वतः पुन्हा वाचली. मग त्यांनी टेबलावरचं ते पत्र उचललं, पालथं केलं आणि खिशातलं पेन काढलं.

"सांग बाळ, काय नाव बाबांचं?"