अठरा मिनिटांची शर्यत

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. मस्कतमध्ये, रुवीतल्या एका कंपनीत अंदाजपत्रकं करतो मी – आकडा चुकला की मला जेवण गोड लागत नाही. आणि हा आकडा तर मी मुद्दाम चुकवला.

सुहास आमचा शेजारी, वयाने लहान, मला दादा म्हणायचा. मराठी मंडळातल्या मुलांसाठी त्याने युरोपातला एक फार जुना विनोदी मूकपट शोधला होता. दोन शेजारी एकमेकांची जिरवायला मोटारींची शर्यत लावतात आणि दोघेही शेणाच्या ढिगात जाऊन पडतात – एवढीच गोष्ट. चित्र मुकं, म्हणून सुहास बाजूला उभा राहून मराठीत बोलणार होता.

तालीम आमच्याच घरी चाले. माझी मुलगी रिया माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. सुहासला मात्र म्हणायची, ‘‘काका, परत पडा ना त्या शेणात.’’ मराठीत. मी तिथेच बसलेला असायचो – मला ते सहन होत नव्हतं. असं का व्हावं? मला कळत नाही. की कळतं?

माणसं तुरुतुरु पळू नयेत म्हणून तालमीत चित्र संथ ठेवलं होतं. अठरा मिनिटं. लॅपटॉप माझ्याकडे. कार्यक्रमाच्या दिवशी मी वेग दीडपट केला – बारा मिनिटं. आदल्या दिवशी कागदावर मांडून पाहिलं होतं.

तो म्हणाला, ‘‘आता निघाल्या बघा गाड्या’’, तेव्हा पडद्यावर दोघे शेणात होते. मुलं आधी चित्राला हसली, मग त्याला. कुणीतरी इथल्या अरबीत घाई करायला ओरडलं, ‘‘यल्ला अंकल, यल्ला!’’ तो शब्दांमागे धावत राहिला. चित्र संपलं, तेव्हा त्याच्या हातात चार पानं उरली होती. त्याने ती नीट घडी करून खिशात घातली.

बाहेर मला म्हणाला, ‘‘दादा, माझंच पाठांतर कच्चं. तुमची मेहनत वाया गेली.’’

आणि मी – मी म्हणालो, ‘‘होतं असं कधीतरी.’’

त्याने पुन्हा माइक हातात घेतला नाही. पुढे त्याची ओमानमधल्याच सूर या गावी बदली झाली.

रिया आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात म्हणाली, त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने तीच हसली होती, आणि काकांनी तिच्याकडे पाहिलं होतं. तिच्यामुळेच ते बोलायचे थांबले, असं तिला इतकी वर्षं वाटतंय. हेही ती इंग्रजीतच बोलली.

मी म्हणालो, ‘‘होतं असं कधीतरी.’’

तो हिशेबाचा कागद मी तेव्हाच फाडला होता. आकडे पाठ आहेत.