रिकाम्या गावात दिलेली दवंडी

"दवंडी तर तूच दिलीस. मग हरकत घ्यायला का आला नाहीस?"

तलाठी एवढे बोलले आणि सारी चावडी हसली. मी पायरीखाली उभा होतो.

चाकणजवळचे आमचे गाव. स्वातंत्र्य येऊन काही वर्षे झाली होती. अस्पृश्यता कायद्याने संपली होती. चावडीची पायरी होती तिथेच होती. निरोप, दवंडी, सरकारी माणसांची सरबराई ही कामे आमच्या वस्तीकडे पाळीने येत; बदल्यात घरोघरची भाकर मिळे. त्या वर्षी पाळी माझी होती. वय बावीस.

फाल्गुनात गारपीट झाली. गावकामापोटी मिळालेल्या माझ्या वतनाच्या तुकड्यातला कांदा काढणीला आला होता. तो जमिनीतच सडला. बांधापलीकडे धोंडिबाचे शेत. त्याने आपला कांदा आठ दिवस आधीच काढून घरी नेला होता. गारा पडल्या त्या त्याच्या मोकळ्या रानावर.

सरकारने मदत जाहीर केली. नुकसानीची यादी पाटलांच्या ओसरीवर बसून तयार झाली. शेतात कोणी फिरकले नाही. मग पाटलांनी मला बोलावले.

"उद्या दवंडी दे. यादीवर ज्याची हरकत असंल, त्यानं सांजच्या आत चावडीवर यावं."

दुसऱ्या दिवशी चाकणचा बाजार. गाव सकाळीच बाजाराला निघून जाते, हे मला ठाऊक होते. तरी मी विचारले नाही. हुकूम होता, तो पाळला. डफ वाजवत गल्लीगल्ली फिरलो. दोन म्हाताऱ्यांनी ऐकले, कुत्र्यांनी ऐकले. माझे नुकसान साऱ्या गावाने पाहिले होते. नाव असणारच, असे धरून चाललो. यादी पाहायला मागितली नाही. मागितली असती तरी मला वाचता येत नव्हते.

वाटपाच्या दिवशी नावे पुकारण्याचे कामही माझेच. तलाठी वरून नाव सांगत, मी खालून ओरडे. धोंडिबाचे नाव मी माझ्याच तोंडाने पुकारले. तो नवे पागोटे बांधून वर चावडीत बसला होता. माझ्या पोटात आग पडली. हे मी सुधारून सांगणार नाही. त्या क्षणी मला न्याय दिसला नाही. मला त्याचे पागोटे हवे होते. त्याची बसायची जागा हवी होती. यादीतले त्याचे नाव हवे होते.

यादी संपली. माझे नाव आले नाही. मी कारण विचारले, तेव्हा तलाठ्यांनी तो प्रश्न केला. पाटलांनी पुढे जोडले, "गावची भाकर खातूस. आता सरकारची बी पायजे व्हय रं?"

मग तलाठ्यांनी एक कागद आणि शाईची गादी पायरीवर सरकवली. दवंडी गावभर ऐकवली, हरकत आली नाही, असा तो दाखला होता. त्यावर दवंडी देणाऱ्याचा अंगठा हवा होता. त्याशिवाय वाटलेल्या पैशाचा हिशेब वर मंजूर होत नसे.

धोंडिबा म्हणाला, "दे की रं. तुझं काय जातंय?"

तोवर मी त्याच्याकडेच पाहत होतो. आता कागदाकडे पाहिले. माझ्या वाट्याचे त्याला मिळाले, आणि ते पक्के करायला अंगठाही माझाच लागत होता.

"गावात कुनी नव्हतं," मी म्हणालो. "अंगठा देनार न्हाई. आदी यादी वाचा. कुनाचं रान, कुठलं पीक, किती बुडालं. समद्यांदेखत वाचा."

"लई माजलास," पाटील म्हणाले.

"व्हय."

आता कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवंडी देणारा म्हणून भलत्याचाच अंगठा घेतला. मला मदत मिळाली नाही. पाळी गेली, गावची भाकर बंद झाली. धोंडिबाविषयीची आग आजही आहे. ती विझावी, असे मला कधी वाटले नाही. तिच्यामुळेच मी तिशीत अक्षरे शिकलो.

सरकारचा पैसा ज्याच्या हाती पडतो, त्याचे नाव आणि त्याचे नुकसान गावाला कळलेच पाहिजे. कुठेही यादी लागली की मी जातो. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचतो, मोठ्याने. वाचू दिले नाही, तर तिथून उठत नाही.