पोट आलेली भिंत

भिंतीला पोट आलं होतं. भिंत मधोमध बाहेर फुगली की आमच्या धंद्यात असंच म्हणतात. बाजीराव मात्र मला रंग दाखवत होते.

"हितं बघा मॅडम. दिवाळीला रंग दिला, आत्ताच फोड आलं. उद्या दुपारी रिसेप्शन हाय. वॉटरप्रूफिंगचं काय ते सांगा, पेंटर थांबलाय."

भिंतीवर धबधबा रंगवला होता. पाहुण्यांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायचे. धबधब्याच्या डाव्या बाजूला रंगाचे पापुद्रे सुटले होते, आणि तिथंच भिंत पुढं आली होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मंगळवार पेठेत ऑफिस आहे. इमारत उभी राहील का, हे सांगणं माझं काम. ती उभी राहिली की माझी आठवण कुणाला येत नाही, आणि ते बरंच आहे.

बाजीरावांची पन्हाळ्याच्या बाजूला डोंगर उतारावर जमीन होती. तिथं ऊस येईना. मग त्यांनी पोकलेन लावून डोंगराचा पायथा कापला, जागा सपाट केली आणि मंगल कार्यालय बांधलं. कापलेला डोंगर खाली येऊ नये म्हणून मागं दोन मजली उंचीची भिंत घातली. हिला रिटेनिंग वॉल म्हणतात. साध्या भिंतीला फक्त उभं राहायचं असतं. हिला पाठीवर डोंगर घेऊन उभं राहायचं असतं. हॉल आणि भिंत यांच्या मधल्या पट्ट्यात पत्रे घालून जेवणाचं शेड केलं होतं. भिंतीच्या वर, डोंगराच्या बाजूला, गाड्यांचं पार्किंग.

"डिझाईन कुणाचं?" मी विचारलं.

"डिझाईन कशाला? कॉन्ट्रॅक्टर जुना हाय. लई भिंती घातल्यात त्यानं."

मी बॅगेतून ओळंबा काढला. दोरीला लोंबणारं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला. पेंटरच्या शिडीवर चढून दोरी सोडली. वरच्या टोकाला ती भिंतीपासून हातभर लांब धरली होती, मध्यावर येईपर्यंत भिंतीला टेकली. बाजीरावांनी दोरीकडं बघितलं आणि पेंटरला चहा आणायला पाठवलं.

"काका, या भिंतीला भोकं कुठं आहेत?"

अशा भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं ठेवतात. वीप होल. पावसाचं पाणी डोंगरात मुरतं आणि भिंतीच्या पाठीमागं येऊन थांबतं. ते भोकांतून बाहेर पडलं तर ठीक. नाही पडलं तर साठतं आणि ढकलायला लागतं. पुष्कळदा अशी भिंत मातीनं पडत नाही, पाण्यानं पडते.

"हुती की," बाजीराव म्हणाले. "बुजवली. पावण्यांच्या ताटात गढूळ पाणी उडायचं. वर चित्रबी नीट दिसंना. सिमेंट भरून प्लास्टर मारलं, एकदम क्लीन."

आठवडाभर पावसाची झड लागली होती. मी छत्री उघडून वर पार्किंगमध्ये गेले. बाजीराव मागोमाग आले. भिंतीच्या काठापासून थोड्या अंतरावर डांबरात एक भेग होती. भिंतीला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यात पाणी उतरत होतं. बोट घातलं तर आत गेलं.

भेग अशी आडवी-लांब आणि भिंतीला धरून असली, की जमिनीचा तेवढा तुकडा निघाला आहे असं समजायचं. कुठं निघालाय, ते खाली शेडात मांडलेली टेबलं बघितली की कळत होतं.

"काका, उद्या शेडात कुणाला बसवू नका. इथं गाड्याही लावू नका."

"पाचशे पानं हाईत मॅडम! हुपरीचं पावणं. चांदीचा कारखाना हाय त्यांचा. त्यांना काय सांगू, भिंतीला पोट आलंय म्हणून जेवायला बाहेर बसा?"

"हो. तेच सांगा."

"भोकं पाडतो की आत्ता. ड्रिल हाय माझ्याकडं."

"अजिबात नाही. आधीच सुटलेली भिंत आहे. तिला हादरे द्यायचे आणि माणूस तिच्यापुढं उभा करायचा, हे चालणार नाही. आधी वरून पाणी बंद करू. भेगेवर ताडपत्री टाका, गटर मोकळं करा. बाकीचं उघडीप झाल्यावर."

"दोन पावसाळं थांबलीय ती. उद्या दुपारपातूर न्हाय थांबणार?"

"थांबेल कदाचित. कदाचित नाही."

"म्हणजे तुमालाबी ठाव न्हाय!"

"नाही. म्हणूनच माणसं बसवू नका म्हणतेय."

यावर ते चिडले. असं उत्तर कुणालाच आवडत नाही. डॉक्टरचं चालतं, इंजिनिअरचं चालत नाही.

खाली आलो. चहा आला. भिंतीजवळच्या टेबलावर पेंटरनं कप ठेवले. मला तिथं थांबायचं नव्हतं. मी कप उचलून हॉलच्या दारात येऊन उभी राहिले. बाजीरावांनीही कप उचलला, आणि बोलत बोलत माझ्याही मागं, हॉलच्या आत जाऊन उभे राहिले.

"तुम्ही का आत आलात?" मी विचारलं.

त्यांनी कपातला चहा संपवला. मग फोन काढून आचाऱ्याला लावला आणि ओरडले, "शेडात काय मांडू नगासा! समदं हॉलमधी घ्या. का म्हणजे? मी सांगतोय म्हणून!"

संध्याकाळी नवरीचे वडील, अप्पा, डेकोरेशन बघायला आले. त्यांना मीच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, माझी एकुलती एक लेक हाय. तिच्या लग्नात लोक पंगतीसाठी दाराबाहेर थांबणार. हे मी विसरणार न्हाय."

रिसेप्शन झालं. हॉलच्या एका बाजूला स्टेज, दुसऱ्या बाजूला जेवण. पाहुण्यांनी रस्त्याकडेला गाड्या लावल्या आणि चिखलातून भरजरी साड्या सावरत चालत आले. सगळा दिवस मी ऑफिसात फोनकडं बघत होते. भिंत पडावी असं वाटत नव्हतं. पडली नाही तर काय ऐकावं लागेल, हेही माहीत होतं.

भिंत पडली नाही.

"मॅडम, उभी हाय बरं का तुमची भिंत," बाजीराव दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले. "पावणं मला शिव्या घालून गेलं."

"शेडाला दोरी बांधून ठेवा."

"बांधलीय," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "मीबी तिकडं जात न्हाय."

पाऊस थांबला. ऊन पडलं. लोकांनी धुणी वाळत घातली. आणि अशा लख्ख दुपारी पुन्हा फोन आला.

"आली."

"कुणी होतं?"

"कुत्रंबी नव्हतं."

मी जाऊन बघितलं. शेडाचे पत्रे कागदासारखे चुरगळले होते. टेबलं जिथं होती तिथं लाल माती, दगड आणि धबधब्याचे निळे तुकडे. हॉलच्या मागच्या दारापर्यंत ढिगारा आला होता. बाजीराव दारातच पायरीवर बसून होते. "ऊन पडल्यावर का आली?" एवढंच त्यांनी विचारलं. पाऊस थांबला तरी डोंगरात मुरलेलं पाणी खाली यायला वेळ घेतं, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी शेजारी बसले.

त्यांनी तिथं पुन्हा भिंत घातली नाही. डोंगर उतरता कापून मागं घेतला आणि शेडाची जागा मोकळी सोडली. एवढी जागा वाया गेली याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

दिवाळीनंतर हुपरीचे अप्पा ऑफिसात आले. पेढे आणले होते. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि हात जोडले. मग म्हणाले, "लेक आणि जावई त्याच बाजूच्या टेबलाला बसणार हुते. मी बाजीरावाला इचारून घेतलं."

मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं. पिशवीतून नकाशा काढून माझ्यापुढं पसरला.

"नवीन वर्कशॉप बांधायचं हाय. प्लॉट फर्स्टक्लास. भिंत-बिंत काय न्हाय, समदं सपाट. ओढ्याला लागूनच, पाण्याचीबी सोय. आणि लई स्वस्तात मिळालाय."

"पावसाळ्यात बघितलात का प्लॉट?"

"न्हाय. पावसाळ्यात मालक म्हणाला, आत्ता नगो, नंतर या."

माणूस भिंतीवरून भिंतीपुरतंच शिकतो. मी पेढा खाल्ला आणि "पावसाळ्यात ओढा कुठवर येतो ते बघून या," म्हणत नकाशा घडी घालून त्यांच्या हातात परत दिला.