उजवीकडून वाचावे

आकडा समोर आला की मुन्शीजींच्या करंगळीचं नख त्याच्या उजव्या टोकाला जाऊन टेकायचं. आधी तीन आकडे, मग कॉमा. पुढं दोन-दोन. वर म्हणायचे, "अवो, आकड्याला दम खाऊ द्या की!"

असा एखादा कारकून तुम्हीही पाहिला असेल. आमचे मुन्शीजी निजामाच्या काळात उर्दूत कारकुनी शिकलेले. विलीनीकरणानंतर तालुक्याच्या कचेरीत मराठी आली आणि ते गांगरले. पण आकड्यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पशुगणनेच्या तक्त्यात मी एकदा १२,५०,०० असं ठोकून दिलं. मुन्शीजी खो-खो हसले. "सव्वा लाख हायत ते! तुम्ही डावीकडनं निघालात, म्हणून चुकलात. आमची लिपीच उजवीकडनं चालती, आमी कसं चुकणार?"

एका परदेशी छापील तक्त्यात दर तीन आकड्यांवर कॉमा दिसला, तेव्हा म्हणाले, "ह्यांची टांग लई लांब दिसती."

मग हुकूम आला. मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. मुन्शीजींच्या घरात खाणारी तोंडं सात, कमावते ते एकटे. रोज दुपारी मी त्यांना मराठी लिहायला शिकवू लागलो. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यात ते घामाघूम व्हायचे.

परीक्षेत त्यांनी उत्तरं झकास लिहिली. फक्त दोऱ्यानं शिवलेली कोरी वही सवयीनं उर्दू पुस्तकासारखी मागून उघडली होती! पहिलं पान कोरं, उत्तरं शेवटच्या पानापासून उलटी. लक्षात आलं तेव्हा पाच मिनिटं उरली होती. त्यांनी पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली, 'कॉमा मोजतात तसे उजवीकडून वाचावे.'

बाहेर येऊन म्हणाले, "गेली नोकरी." मलाही रडू यायचं बाकी होतं.

महिन्याभरानं तपासनीस स्वतः कचेरीत आले. "उजवीकडून वाचा म्हणणारे कोण?"

मुन्शीजी कसेबसे उभे राहिले. "मीच, साहेब."

"पास आहात. बसा."

बसतात कसले! त्यांनी मला कडकडून मिठी मारली आणि अख्ख्या कचेरीला भजी खाऊ घातली.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना एक वही दिली. प्रत्येकानं तिच्यात दोन शब्द लिहायचे होते. सगळ्यांनी पुढची पानं भरली, मी शेवटचं पान धरलं.

गावी परतताना येरमाळ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी वही उघडली. मागूनच. माझी ओळ होती, 'मुन्शीजी, आता जरा दम खा.' करंगळीचं नख त्या ओळीच्या उजव्या टोकाला टेकवून ते हसले, आणि बस निघाली.